त्यांना गड चढायचा अन् मला नुसतं बसायचं

पत्र:

ताई, मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिली. मी आशा वर्कर आहे, मिस्टरांचं गावातच कृषी केंद्र आहे, मुलगा आठवीत आहे. लग्नानंतर आम्ही तिघं कुठे असे गेलोच नाही, गेलो तर लग्नकार्याला नाहीतर शेगावला. यंदा मिस्टर स्वतःहून म्हणाले की दिवाळीच्या सुट्ट्यांत तीन दिवस चिखलदऱ्याला जाऊ. मला लय आनंद झाला. पण आता त्यांनी अन् पोरानं मिळून वहीवर यादी केली आहे. पहिल्या दिवशी सगळे पॉइंट, दुसऱ्या दिवशी गाविलगड अन् झिपलाइन, तिसऱ्या दिवशी पहाटे जंगल सफारी आणि येता येता नरनाळा. मला हे वाचूनच थकवा आला. मला फक्त एका जागी बसायचं आहे, हातात चहा, समोर डोंगर, कोणी हाक मारणार नाही. हे बोलली तर मिस्टर म्हणतात, बसायचंच आहे तर घरी बस, पेट्रोल कशाला जाळायचं. आणि मी गप्प बसली की त्यांना वाटते मी रुसली. खर्च वाचावा म्हणून मी स्टोव्ह, पीठ, मसाला सोबत नेणार आहे. कोणी कोणाचं ऐकावं? आणि घरी सासूबाई एकट्या राहतील, तीन दिवस जाणं बरं दिसते का?

— एक आशाताई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेस नजर एकाच गोष्टीवर अडकली, तुम्ही दोघं काय काम करता त्यावर. भाऊजी सकाळी नऊपासून काउंटरवर बसून. बिल फाडा, औषधाच्या बाटल्या काढून द्या, उधारीची वही पाहा, कंपनीचा माणूस आला त्याच्याशी बोला, आणि हंगामात तर जेवणाचा डबापण तिथेच उघडायचा. वर्षभर तो माणूस एका खुर्चीत बसला आहे. आणि तुम्ही? पहाटे उठून स्वयंपाक, मग गावात घरोघर, गरोदर बायांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी बाळांना बोलावून आणणं, रात्री बेरात्री कोणाला कळा सुरू झाल्या तर गाडीत बसून दवाखान्यात. तुमचे पाय वर्षभर थांबले नाहीत. म्हणून त्यांना पळायचं आहे आणि तुम्हाला थांबायचं आहे, इतकं सरळ आहे हे. यात कोणाची आवड वरची नाही आणि कोणाची खालची नाही, ज्याला जे वर्षभर मिळालं नाही ते तो डोंगरावर मागून राहिला. हे असंच्या असं भाऊजींना सांगा. मला वाटते "बसायचंच आहे तर घरी बस" हे वाक्य त्यांच्या तोंडून परत निघणार नाही, कारण घरी तुम्ही कधी बसल्याच नाही हे त्यांनाही माहीत आहे, फक्त कोणी त्यांच्यापुढे मांडलं नाही.

आता कोणी कोणाचं ऐकावं. मी म्हणते तीन दिवसांची वाटणी करूच नका, की दीड दिवस त्यांचा आणि दीड दिवस तुमचा. तशा वाटणीत एक जण फिरतो आणि दुसरा घड्याळ पाहतो, मग पाळी बदलते, आणि घरी येताना दोघंही म्हणतात माझं राहून गेलं. मला इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून आणि मी स्वतः या डोंगरात हिंडून जे पटलं ते असं, की दमणं आणि शांत बसणं एकाच दिवसात पाठोपाठ ठेवावं, आधी दमणं मग बसणं. भाऊजींसारख्या माणसाला सकाळी सकाळी पॉइंटवर नेऊन म्हटलं की बसा शांत, तर त्यांना जमणारच नाही, पाच मिनिटांत खिशातून मोबाईल निघेल. तोच माणूस गड चढून आला, पाठ घामानं भिजली, पोटऱ्या भरून आल्या, की आपोआप दगडावर टेकतो आणि अर्धा तास हलत नाही. त्याला बसवावं लागत नाही.

आणि ताई, हे मी तुमच्यासाठीपण म्हणून राहिली, राग मानू नका. तुम्ही म्हणता मला तीन दिवस नुसतं बसायचं आहे. पहिल्या दिवशी बसून पाहा, काय होते ते. हातात चहा येईल, समोर डोंगर येईल, आणि डोक्यात येईल की त्या अमक्या घरच्या सुनेचं हिमोग्लोबिन कमी होतं, तिनं गोळ्या घेतल्या असतील का, सिलेंडर कधी लावला होता, रजिस्टर भरायचं राहिलं. बसलेल्या माणसाच्या डोक्यात घर लवकर शिरते. थोडा चढ चढलं, दम लागला, की डोकं फक्त पुढच्या पायरीकडे पाहते आणि बाकीचं गळून पडते. तुमचं रोजचं चालणं वेगळं, त्याच्या प्रत्येक टोकाला कोणीतरी तुमची वाट पाहत असते. गडाच्या वर तुमची वाट पाहणारं कोणी नाही. म्हणून एक सकाळ तुम्हीपण त्यांच्यासोबत चढा, आपल्या चालीनं, मागे राहिल्या तर राहू द्या. त्यानंतरचं जे बसणं आहे ना, ते तुम्हाला पाहिजे तेच बसणं आहे.

आता ती यादी. मी तुमच्या पोराची मेहनत वाया घालवणार नाही पण त्यातलं काही खोडावंच लागते.

नरनाळा खोडा. वहीवर ते "येता येता" दिसते, पण नरनाळा अकोट तालुक्यात, पायथ्याला शहानूर, म्हणजे चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाडा, अंजनगाव, अकोट असं करत तिथे जायचं आणि मग पुन्हा डोंगर चढायचा. पहाटेच्या सफारीवरून आलेलं पोरगं आणि रात्री नीट न झोपलेला ड्रायव्हर, म्हणजे भाऊजीच, यांच्या जिवावर हे करू नका. आणि नरनाळा उरकायची जागा नाही, तिथला महाकाली दरवाजा एकटाच तासभर पाहण्यासारखा आहे, दगडातली ती नक्षी, जाळ्या, वरची अरबी अक्षरं. तुमच्याकडून अकोट काही लांब नाही, हिवाळ्यात एखाद्या रविवारी भाकरी बांधून बापलेकांना पाठवा. त्या दिवशी तुम्ही घरी.

सगळे पॉइंट एका दिवसात, हेपण खोडा. देवी पॉइंट, मोझरी, भीमकुंड, हरिकेन, पंचबोल, प्रॉस्पेक्ट, बीर तलाव, शक्कर तलाव, वैराट... लोक सकाळी गाडी करतात आणि दुपारपर्यंत सगळे करून येतात. प्रत्येक ठिकाणी उतरा, रेलिंगला टेकून फोटो काढा, मक्याचं कणीस घ्या, बसा गाडीत. संध्याकाळी विचारलं भीमकुंड कसं होतं तर सांगता येत नाही, कारण सगळ्या दऱ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. दोन निवडा, फार तर तीन. पंचबोल पोरासाठी, कारण तिथे ओरडलं की आवाज डोंगरांना लागून परत परत येतो आणि आठवीतल्या पोराला मोकळं ओरडायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. देवी पॉइंट तुमच्यासाठी, कारण तिथे कपारीत देवी आहे, खडकातून पाणी झिरपत असते, दर्शन घेऊन बाजूला टेकता येते आणि कोणी विचारत नाही काहून बसल्या म्हणून. भीमकुंडाला भीमानं कीचकाला मारून हात धुतले अशी गोष्ट सांगतात, आणि कीचकाची दरी म्हणून चिखलदरा असंही सांगतात. ती गोष्ट पोराला भाऊजींनी सांगावी, गाडी चालवताना नाही, तिथे उभं राहून.

गाविलगड मात्र ठेवा. पूर्ण सकाळ त्याला द्या. चिखलदरा गावापासून गड दोनेक किलोमीटरवर आहे आणि हा गड तुमच्या दोघांचं भांडण मिटवायलाच बांधला आहे असं मला वाटते, कारण आत इतकी जागा आहे की एक जण तटावरून हिंडत राहील आणि दुसरा तळ्याकाठी बसून राहील, आणि तरी दोघं एकाच ठिकाणी असतील. बहमनी राजा अहमदशहानं 1425 च्या सुमारास तो बांधला, त्याच्याही आधी इथे गवळ्यांची मातीची गढी होती म्हणतात, नाव त्यावरूनच. शार्दूल दरवाजावर मान वर करून पाहायला लावा पोराला, दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे, हत्ती आहेत. आणि आतमध्ये उभं राहून सांगा की 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी हा गड नागपूरकर भोसल्यांच्या हातून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता इथेच पडला. त्याच्या दोनच आठवड्यांआधी आपल्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली होती, दोन्हीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आपल्या तालुक्याच्या बाजूला इतकं घडलं हे पोरांना कोणी सांगतच नाही.

तर सकाळी सात साडेसातला निघा. तिघं सोबत चढा. आतल्या तळ्यापाशी पोहोचलं की तुम्ही थांबा, सावली पाहून, गवताच्या कडेला नाही तर मोकळ्या दगडावर, खाली काठी आपटून पाहून बसा कारण साप-विंचू असतात. बापलेक तट, तोफा, मशीद, काय पाहायचं ते पाहून येऊ द्या. तुम्ही थर्मासमधला चहा काढा. आणि आता एक सांगते ते करून पाहा. पहिली दहा मिनिटं काहीच दिसणार नाही, तळं आणि दगड. तुम्ही तिथे आल्या म्हणून सगळे जीव गप्प झालेले असतात. हलू नका, मोबाईल पिशवीत राहू द्या. मग हळूहळू सगळं परत सुरू होते. आधी एखादा धोबी येतो, तो काळा-पांढरा लहानसा पक्षी, शेपटी खालीवर करत पाण्याच्या अगदी कडेनं चालतो, थांबतो, चार पावलं पळतो, किडा उचलतो. मग खंड्या येऊन फांदीवर बसतो आणि तुम्हाला वाटते आता उडेल, आता उडेल, तो बसूनच राहतो, आणि एकदम पाण्यात सूर मारून परत त्याच फांदीवर, चोचीत मासोळी, ती फांदीवर दोनदा आपटतो आणि डोकं वर करून गिळतो. माकडांचा कळप असला तर लहान पिल्लू आईच्या पोटाला चिकटून तुमच्याकडे पाहत राहते. इतकं सगळं अर्ध्या तासात होते आणि त्याच अर्ध्या तासात मागून पाचपंचवीस लोक "इथे काहीच नाही यार" म्हणत निघून जातात.

बापलेक परत आले की ते तुमच्याशेजारी आपोआप बसतील. तेव्हा बोलू नका. चहाचा कप द्या फक्त. पोरगं एखाद्या वेळेस विचारेल तो कोणता पक्षी, तर सांगा. भाऊजींना बसायला काहीतरी निमित्त लागते असं मला तुमच्या पत्रावरून वाटते, तसे माणसं असतात, त्यात वाईट काही नाही. कोणाकडे दुर्बीण असेल तर मागून न्या आणि त्यांच्या गळ्यात टाका. दुर्बीण हातात असलेला माणूस तासभर बसतो आणि त्याला आपण रिकामं बसलो असं वाटतही नाही.

गडावरून उतरल्यावर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. उतरताना मांड्यांवर जास्त ताण येते, चढताना फक्त दम लागते, आणि ते दुखणं लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते. म्हणून भाऊजींना सांगा निघायच्या आधी पंधरा दिवस दुकान बंद केल्यावर पांदणीनं रोज अर्धा तास चालून या. वर्षभर खुर्चीत बसलेले पाय एकदम गडावर नेले तर तिसऱ्या दिवशी जीपमध्ये चढतानाही ओय ओय होईल. दुपारी जेवून झोपा, तिघंही. दुपारची झोप ही तुमच्यासाठी चैन आहे, ती करा.

झिपलाइनसाठी आमझरीला वन विभागाचं पर्यटन संकुल आहे, तिथे असे प्रकार आहेत, चालू आहेत का ते आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा. तिथे बापलेकांनी जावं. तुम्ही जाऊ नका, आणि का गेली नाही याचं कारणही देत बसू नका. तो दीड-दोन तासाचा वेळ फक्त तुमचा, ज्याच्यात नवरा नाही, पोरगं नाही, मीपण नाही सांगायला की काय करा. एकच सांगते, एकट्या बाईनं बसायची जागा पाहून निवडावी. सुनसान पॉइंटवर एकट्या जाऊ नका, जंगल आहे, अस्वलं आहेत त्या भागात, आणि अंधार पडायला लागला की तर नाहीच. हॉटेलचा व्हरांडा, सरकारी बगीचा, शक्कर तलावाकडे लोकांच्या वर्दळीत एखादा बाक, असं. तिथे बसून हाताला काम देऊ नका, भाजी निवडू नका, स्वेटर विणू नका.

आता सफारी. ही खरी तुम्हा दोघांची जागा आहे पण त्यासाठी आधी भाऊजींच्या आणि पोराच्या डोक्यातून वाघ काढावा लागेल. 1973 ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं, वाघ आहेतच, पण हे ताडोबासारखं सपाट नाही. सगळा डोंगर, नाले, दाट सागवान, वाघ वीस फुटांवर बसला असला तरी दिसत नाही. लोक ताडोबाचे व्हिडिओ पाहून येतात आणि जिप्सीवाल्याला म्हणतात पळव, पळव, पुढच्या पाणवठ्यावर पळव. त्या पळापळीत ना वाघ दिसते ना बाकीचं. तुम्ही गाईडला आधीच सांगून ठेवा, भाऊ, आम्हाला वाघ नाही दिसला तरी चालते, पण दोन ठिकाणी गाडी बंद करून पंधरा पंधरा मिनिटं थांबवा. त्याला नवल वाटेल पण तो खूश होईल, कारण हे गाईड बहुतेक तिथल्याच कोरकू गावांतले असतात, जंगल त्यांना कानानं कळते आणि आपण इंजिनच्या घरघरीत त्यांचा कान वाया घालवतो. गाडीतून मात्र उतरायचं नाही, तो नियम आहे.

इंजिन बंद झालं की पहिले थंडी ऐकू येते म्हणा ना, इतकं शांत. मग सागाचं वाळलेलं पान पडते त्याचा टप्प आवाज, मोठं पान असते ते. कुठेतरी माकड खॉक करून ओरडते, गाईड बोट वर करतो, दुसरीकडे सांबर ढांक करते, म्हणजे बिबट नाहीतर वाघ चालून राहिला असेल. तो दिसेल न दिसेल, पण तो कुठून कुठे चालला हे तुम्ही बसल्या जागी कानानं पाहता. तुमच्या पोराच्या अंगावर काटा येईल. आणि हे सगळं गाडी न पळवता, हालचाल न करता. भाऊजींना जो थरार पाहिजे तो आणि तुम्हाला जी शांतता पाहिजे ती, दोन्ही त्या पंधरा मिनिटांत आहे. गवा दिसेल बहुतेक, अंगानं भला मोठा आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. रानपिंगळा विचारा गाईडला, लहानसं घुबड, दिवसा हिंडणारं. 1884 नंतर शंभराच्या वर वर्षं तो कोणाला दिसलाच नव्हता, संपला असंच समजून बसले होते लोक, मग 1997 ला नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडला आणि नंतर आपल्या मेळघाटातही निघाला. शांत बसणाऱ्यालाच दिसते ते.

एक विनंती आहे सगळ्यांनाच, फक्त तुम्हाला नाही. ब्लूटूथ स्पीकर नेऊ नका. पॉइंटवर गाडीचे चारी दरवाजे उघडून गाणे लावणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटते, त्या दरीत ज्याला जे ऐकायला मिळणार होतं ते सगळं त्यांनी त्या दिवसापुरतं संपवून टाकलेलं असते.

आता स्टोव्ह. ताई, स्टोव्ह नेऊ नका. पीठ नेऊ नका, मसाला नेऊ नका, पोळपाट तर नाहीच. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य तेच आहे, खर्च वाचावा म्हणून. तुम्ही तुमचा थकवा पिशवीत भरून सोबत नेऊन राहिल्या. तिथे हॉटेलच्या खोलीत बापलेक टीव्ही पाहतील आणि तुम्ही खाली बसून पोळ्या लाटाल, भांडे न्हाणीत घासाल, आणि चौथ्या दिवशी म्हणाल चिखलदरा काही जमला नाही. पहिल्या दिवसाची शिदोरी न्या, धपाटे-चटणी, आणि वर चिवडा-लाडू. त्यानंतर खानावळीत. पिठलं-भाकर मिळते, हिवाळ्यात वांग्याचं भरीत मिळते, गवळ्यांच्या घरचा खवा आणि रबडी तर खाऊनच या, मोथ्याकडे गवळ्यांची वस्ती आहे, म्हशी आहेत त्यांच्या. कॉफी घ्या तिथली, चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आणि हिवाळ्यात झाडाला फळं लाल झालेली पाहायला मिळाली तर पोराला दाखवा. पैसे वाचवायचेच असतील तर दिवस बदलून वाचवा.

कारण दिवाळीच्या सुट्ट्यांत जाऊच नका असं माझं मत आहे. तेव्हा अख्खा अमरावती आणि अकोला वर चढलेला असते, खोलीचे भाव वाढलेले, घाटात गाड्यांची रांग, आणि तुम्हाला जी जागा पाहिजे त्या जागेवर चाळीस माणसं सेल्फी काढत उभे. शिवाय त्याच वेळेस हरभरा-गव्हाच्या बियाण्याची गर्दी असते, भाऊजी शरीरानं डोंगरावर आणि फोनवर दुकानात राहतील. पेरणीची गर्दी ओसरू द्या. नोव्हेंबरचा शेवट नाहीतर डिसेंबरचे पहिले दिवस धरा, आणि शनिवार-रविवार सोडून मंगळ-बुध-गुरु पाहा. पोराची तीन दिवस शाळा बुडेल, बुडू द्या, आठवीतल्या पोराचं त्यानं काही बिघडत नाही, वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. सफारी वन विभागाची ऑनलाइन बुक होते, ती आधी करा, मग खोली. थंडी चांगली पडते तिथे, गाव अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिघांचे स्वेटर, कानटोपी, पोराला घाटात मळमळते का ते पाहून गोळी.

तुमच्या कामाचंपण आधी पाहा. रजिस्टर काढून कोणाची डिलिव्हरीची तारीख त्या आठवड्यात नाही ना बघा, सिस्टरला सांगा, शेजारच्या गावच्या आशाताईला नंबर देऊन ठेवा आणि तिच्या सुट्टीत तुम्ही तिचं गाव सांभाळा. एवढं केलं की फोन वाजेल या धास्तीनं बसावं लागणार नाही, आणि सेमाडोहकडे जंगलात उतरल्यावर तशीही रेंज जाते-येते.

रुसण्याचं. हे तिथे जाऊन बोलू नका, घरीच बोला, रात्री जेवणं झाल्यावर, पोरासमोर बोललं तरी चालते. सरळ म्हणा, "मी तिथे गप्प बसली तर समजा मी मजेत आहे. रुसली असली तर मी बोलून दाखवीन." आणि तसं खरंच वागा. आपल्याकडे बायांना नाराजी गप्प राहूनच दाखवायची सवय लागलेली असते, आणि मग खरी शांत बसली तरी घरच्यांना धडकी भरते, त्यांचाही यात दोष नाही. गडावर तुम्हाला मनापासून बरं वाटत असेल तर ते एकदा तोंडानं सांगा त्यांना, "बरं वाटून राहिलं" इतकंच. ज्या माणसानं लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःहून चला म्हटलं, त्यानं हे ऐकायलाच हा सगळा बेत केला असेल असं मला वाटते.

सासूबाईंचं. जाणं बरं दिसतेच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. त्यांच्या गोळ्या दिवसाप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवा, रात्री सोबतीला नणंदेला नाहीतर घराशेजारच्या कोणा पोरीला झोपायला सांगा, आणि जमलं तर निघायच्या आधी त्यांना विचारून पाहा, आई तुम्ही येता का. येतो म्हणाल्या तर गाडीत जागा आहे, गड नाही चढणार त्या, पण देवीपर्यंत आणि व्हरांड्यापर्यंत येतील. नको म्हणाल्या तर खव्याचा पाव किलो आठवणीनं त्यांच्यासाठी बांधून आणा.